माहेरचं रक्त

नाही, सही मी करणार नाही — आधी सांगा, तिच्या हाडातून काढलेलं ते उरलेलं रक्त तुम्हाला कशाला हवंय? संशोधनाला. बरं. बसा ना इथे बाकावर, पोरीला आत्ता कुठे डोळा लागलाय, आत जाऊ नका. मी तिची आत्या. पोर नऊ वर्षांची आहे. भाऊ कामावर, भावजय खाली औषधं आणायला गेलीये — म्हणूनच मला एकटीला गाठलंत, हो ना? नाही? बरं, राहिलं.

माझा आपला साधा प्रश्न — पोरीचं हे रक्ताचं दुखणं कुणाकडून आलं, ते त्यात कळतं का? कारण आमच्याकडे असलं काही कुणाला नाही. भावजयीचा एक भाऊ मात्र लहानपणीच गेला, कशाने गेला ते तिच्या माहेरचे कधी धड सांगत नाहीत, विचारलं की विषय बदलतात. मग शंका येणार की नाही माणसाला? मी माझ्या आईला म्हटलं, आईने भावाच्या कानावर घातलं. महिना झाला, तो बायकोशीच बोलत नाही. तो आला की ती पोरीजवळून उठते आणि बाहेर जाऊन बसते.

काय? डॉक्टरांनी समजावलं नाही का? समजावलं की. पहिल्याच आठवड्यात, मला — हे दोघं तेव्हा धावपळीत होते. म्हणाले, रक्ताच्या पेशी हाडाच्या आत जन्मतात, हळूहळू तयार होतात, मग कामाला लागतात. हिच्या पेशीत एक जीन, जे तिथे गप्प असायला हवं, तेच चालू होऊन बसलं. त्यामुळे पेशी अर्धवटच राहतात, नुसत्या वाढत जातात, चांगल्यांना जागा उरत नाही. मी विचारलं, तिच्या आईकडून आलं का? तर म्हणाले, नाही, आम्ही तपासलंय, ते तिच्याच पेशीत घडलं, कुणाकडून आलेलं नाही. मला नाही पटलं. डॉक्टर लोक आईचं मन राखायला बोलतात तसं. — नाही, घरी नाही सांगितलं. जे पटलंच नाही ते काय सांगायचं?

मागच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं मी पुन्हा. त्याही तेच म्हणाल्या. हो — तेव्हा पटलं. थोडंफार. पण तोवर भावजय आईच्या पाया पडली होती हो. माझ्यामुळे झालं असेल तर मला माफ करा, म्हणाली. आणि मी तिथेच होते, भाजी निवडत. हात थांबले नाहीत माझे.

हा कसला कागद दाखवताय? हो, सही माझीच. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, कुणाकडून आलेलं नाही, ते सगळं समजलं म्हणून केलेली, तारखेसकट. हा फाईलमध्येच राहतो? म्हणजे भावजयीला दिसणार. तुम्ही तिला तो दाखवायलाच आलात ना — खरं सांगा. नुसती मान हलवू नका.

ती बघा, जिना चढून येतेय. तुमच्या कागदावर सही तीच करेल, आई आहे ती. पण फाईल मिटा आधी. मिटा म्हणते ना. आणि तुम्ही जरा तिकडे खिडकीपाशी जाऊन थांबा — मला तिच्याशी बोलायचंय.