उजवीकडचा कठडा

नाही काका, मोबाईल खराब नव्हता. दोन महिने तुम्ही सगळ्यांना तेच सांगताय की स्क्रीन गेली होती म्हणून गेममधली गाडी धडकायची. स्क्रीन गेली असती तर गाडी कधीतरी डावीकडेही धडकली असती ना?

असो. आधी ज्यांचा मान त्यांना देतो. आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आदरणीय अब्दुल्लाचाचा मुकादम, प्रमुख पाहुण्या, शाळेच्या मुख्याध्यापिका सफिया मॅडम, सत्कारमूर्ती सिताराम काका म्हात्रे, त्यांच्या शेजारी बसलेल्या पुतळाकाकी, कोपरखैरण्यातले सगळे व्हॅनवाले, पालक आणि खिडकीच्या सीटवरून भांडणारी समस्त पोरं, सगळ्यांना आखातातून मितेशचा नमस्कार. मी येऊ शकलो नाही. रजा मागितली होती. सुपरवायझर म्हणाला, बदली माणूस आण आणि जा. पासपोर्ट त्याच्याच कपाटात आहे, त्यामुळे वाद घातला नाही. लिहून पाठवलंय, माझी बहीण सुचिता वाचतेय. ती मध्येच थांबली तर तिला पाणी द्या.

काकांबद्दल मी काय सांगणार? तेवीस वर्षं त्यांनी आपल्या सेक्टरातली पोरं शाळेत नेली आणि घरी आणली. त्यातला मीही एक. आठवीत माझी शाळा सुटली, पण व्हॅन सुटली नाही. पुढे बसून पोरांची दप्तरं धरायचो. काकांचा नियम तुम्हाला माहीत आहे. पोरगं गेटच्या आत गेलं तरी गाडी हलायची नाही. वर गॅलरीतून कुणीतरी हात दाखवला पाहिजे. मागे हॉर्नचा गोंधळ चालू, आणि काका आरशात बघून म्हणायचे, "वाजव रं वाजव. तुजा पोर नाय ना यात!"

आता माझं सांगतो. इथे एका टॉवरच्या तिसऱ्या तळघरात मी गाड्या धुतो. तुमची पोरं वहीच्या कव्हरवर ज्या गाड्या चिकटवतात ना, त्या मी रोज पुसतो. सोळा महिन्यांत एकही व्हॅन बघितली नाही. साधी, धुळीची, मागे देवाचं नाव लिहिलेली गाडी बघावी असं एवढं वाटेल, हे तिथे असताना वाटलं नव्हतं. दिवस कधी उगवला, कधी मावळला, ते खाली कळत नाही. गाडीत चावी असते, इंजिन चालू असतं, पण मला ती धुवायच्या जागेपासून खांबापर्यंत न्यायची परवानगी. खांबाच्या पुढे नाही.

म्हणून मोबाईलवर रेसचा गेम घेतला. त्यात एकमेकांना हरवायचं नसतं. तीन गाड्यांची एक टीम, आणि शेवटची गाडी पोचेल तो सगळ्यांचा टाइम. टीममध्ये मी, आपल्याच सेक्टरातला माझा मित्र कान्हा आणि काका. हसू नका, काकाच! सकाळी पोरांना सोडून शाळेबाहेर व्हॅन लावायची आणि शाळा सुटेपर्यंत खेळायचं. तिकडे दहा वाजलेले, इकडे साडेआठ, माझी ड्युटी लागायच्या आधी.

पहिल्याच दिवशी काका गेममध्ये सिग्नलला थांबले.

कान्हा ओरडला, "काका, गेम हाय तो! दाबा!"

"लाल हाय ना? मंग?"

वीस टीम होत्या. आम्ही एकोणिसावे आलो. विसाव्या टीमचं नेट गेलं होतं.

त्यातल्या गाड्या काकांना कधी आवडल्या नाहीत. म्हणायचे, "झोपून चालवायची गाडी ही. दप्तरं कुठं ठेवायची?" कुठली नवी गाडी हवी ते गेमवाल्यांना कळवायची सोय असते. आम्ही तिघं दर महिन्याला लिहायचो, पांढरी, सरकत्या दाराची, आठ पोरं मावतील अशी व्हॅन द्या. उत्तर नाही. आमच्याशिवाय जगात कुणी मागितली नसेल. तोवर काका त्यातली सगळ्यात छोटी गाडी घ्यायचे आणि मी मुद्दाम त्यांच्या मागे राहायचो.

मागे होतो म्हणूनच दिसलं. पूल असो, बोगदा असो, काका घासायचे तो उजवीकडचा कठडा. मी सांगायचो, "काका, उजवीकडे!" ते विचारायचे, "कुठं काय हाय?" मला वाटायचं, मस्करी करतायत. मग एका सकाळी मी माझी गाडी गुपचूप त्यांच्या उजव्या बाजूला नेली. खिडकीला खिडकी लावून चाललो. काका म्हणाले, "मितेश, कुठं राह्यलास रं? दिसत नाय."

सांगा मंडळी, मी काय करायला हवं होतं? गेममध्ये ठीक आहे, पण साडेबाराला हाच माणूस आठ पोरं घेऊन उजवं वळण घेणार होता. काकांना म्हणालो, डोळे तपासा. ते म्हणाले, मोबाईल खराब. मग मी सुचिताला सांगितलं, सुचिता मॅडमकडे गेली, मॅडम त्यांना नेरूळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. तर चुगली कुणी केली हे शोधत असाल, तर ती मी केली.

आणि ती व्हॅन माझी होणार होती. फेब्रुवारीत माझा करार संपला की गाडी आणि रूट तुझा, असा काकांचा शब्द होता. "तवर मी ओढतो," म्हणाले होते. मला फक्त दहा महिने गप्प बसायचं होतं. तळघरातून बाहेर यायला माझ्याकडे तेवढी एकच वाट होती. पण गप्प राहून त्या वाटेने आलो असतो, तर कुठल्या गॅलरीकडे वर बघितलं असतं?

तेव्हापासून काका माझ्याशी बोलत नाहीत. फोन काकी घेतात. "ते अंघोळीला गेल्यात." काकी, दिवसातून चार वेळा?

शाळा सोमवारी उघडतेय. कान्हाने लायसन, बॅज सगळं काढलंय, पण गाडी घ्यायला पैसे नाहीत, आणि एक केटरिंगवाला व्हॅन न्यायला टपलाय. रूट कान्हाला द्या. मी आलो तरी तो त्याचाच राहू दे, दोघांचं पोट भरेल एवढी पोरं त्यात नाहीत. कंपनीने पुढच्या दोन वर्षांचा कागद माझ्यासमोर ठेवलाय. सही अजून केलेली नाही, पण दुसरं काय करणार तेही कळत नाही.

हॉल दिल्याबद्दल अब्दुल्लाचाचांचे आभार, वेळेवर धावून आल्याबद्दल सफिया मॅडमचे, आणि एवढं ऐकून घेतल्याबद्दल तुमचे. काका, बोलण्यात मानपान चुकला असेल, जास्त बोललो असेन, तर लेकरू समजून पोटात घाला. चुगलीची माफी मात्र मागत नाही. कान्हा, तुझ्या खात्यात टाकलेत ते आज इथेच, सगळ्यांसमोर काकांच्या हातात दे. व्हॅनसाठी सोळा महिन्यांत जमवलेले माझे बेचाळीस हजार रुपये.