काटेरी तार आणि ऑरिनची विजार

(इलिनॉय, १८७४चा उन्हाळा. माळावरच्या शेताचं कुंपण.)

अल्मायरा : ऑरिन, माझं कॉफी दळायचं यंत्र कुठंय?

ऑरिन : आधी मला सोडव, मग विचार.

अल्मायरा : बायको बोलतेय आणि कुंपणाला टेकून काय उभा राहिलास? ये इकडे.

ऑरिन : येता आलं असतं तर आलो नसतो? विजार अडकलीय. मागून.

अल्मायरा : स्वतःच्याच तारेत?

ऑरिन : म्हणजे तार चांगली झालीय! लाकूड आणायचं तर जंगल चाळीस मैलांवर. साधी तार लावली, तर शेजारचा वळू पाठ घासून ती पाडायचा. म्हणून तुझ्या यंत्रात तारेचे तुकडे घालून काटे वळले. दांडा फिरवला, काटा तयार!

अल्मायरा : तरीच! सकाळी कॉफीत दाताखाली कचकन आलं.

एनॉस : (शेजारी एनॉस स्प्रेग कुंपणापलीकडून धावत येतो.) ऑरिन! बाजूला हो! सॅमसन सुटलाय!

ऑरिन : मी कसा होऊ? तुझ्या वळूला सांग!

एनॉस : तो माझं ऐकत असता तर तीन वर्षं तुमच्या कोबीत चरला असता का?

अल्मायरा : मिस्टर स्प्रेग! आजवर तर ससे खातात म्हणत होतात!

ऑरिन : अल्मायरा, भांडण नंतर! तो धावत येतोय!

अल्मायरा : मग विजार सोड आणि पळ.

ऑरिन : आतली चड्डी लाल फ्लॅनेलची आहे!

अल्मायरा : मग राहू दे. हलू नकोस.

एनॉस : सॅमसन! अरे... थांबला! नाक टोचलं त्याला! दोन लाकडी कुंपणं मोडली यानं, आणि या दोऱ्याला भ्याला?

ऑरिन : गेला का तो?

अल्मायरा : मागं सरकून खाली बसलाय. तुझ्याकडेच बघतोय.

एनॉस : बिचाऱ्याच्या नाकावर रक्ताचा थेंब आलाय. दुष्ट तार आहे रे ही, ऑरिन. मलाही करून दे.

ऑरिन : आधी सोडव!

एनॉस : ओढतो हं.

अल्मायरा : हळू... फाटली.

ऑरिन : फाटू दे. पण तार तुटली नाही, बघितलंत?

एनॉस : म्हणजे सॅमसनला शोधत मला आता रोज इकडे यायला नको.

अल्मायरा : नकोच.

एनॉस : बरं झालं. पायपीट वाचली. बायको गेल्यापासून मला रागवायला तेवढ्या तुम्हीच होतात, मिसेस टटल. येतो मी.

अल्मायरा : थांबा जरा. ऑरिन, इथली तार काढ आणि एक फाटक बसव. माणूस जाईल एवढंच.