काळी पडलेली फिल्म

नवीन माणसाला कसं शिकवायचं विचारता ना, मग माझंच ऐका. नव्वदच्या आसपास मी भाईंदर पश्चिमेच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागले. नंदा माझ्याहून वर्षभरच जुनी, पण मला शिकवायचं काम तिच्याकडे होतं.

चौथ्या दिवशी जवळच्या पाली कोळीवाड्यातून एक कोळीण आजी आल्या. मनगट चांगलंच सुजलेलं. तो हात टेबलावर सपाट ठेवताना त्या कळवळल्या. एक्स-रे काढला आणि डार्करूममध्ये फिल्म धुताना मी गडबडीत दार उघडलं. उजेड लागून फिल्म काळीठिक्कर! मला रडूच फुटलं.

"डोळे पूस," नंदा म्हणाली. "आजींशी मी बोलते."

बाहेर येऊन तिने सांगितलं, "आजी, माझ्या हातून फिल्म खराब झाली. पुन्हा काढावी लागेल."

आजींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खोटं नको बोलू गो. रडलीय तर ही!"

आजींनी सुजलेला हात आपणहून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "काढ पोरी. माजी सून पन पयले म्हावरं जाळायची. म्हणून मी तिच्या हातातला तवा न्हाय काढून घेतला."