सव्वादोन मैलांत अकरा दृश्यं

…आणि पत्रकावर ठळक अक्षरात छापलंय काय, तर 'सोपी वाट'! सोपी? कोणाला सोपी हो? बदकाला? बदकाला असेलही सोपी, नदीच्या कडेकडेनं जाते, कंटाळा आला की ते पाण्यात उतरतं. मी कुठं उतरू?

नाही, तुम्हीच सांगा. फुलफर्ड ते यॉर्क, सव्वादोन मैल. हा रस्ता मी आयुष्यात किती वेळा केला असेल? पन्नास हजार वेळा! थाप नाही मारत, चौतीस वर्षं बस चालवलीय मी या मार्गावर, डोळे मिटून नेली असती… पण बसून! सगळं बसून केलंय हो! या पायांनी आजवर फक्त दोन गोष्टी केल्या, ब्रेक दाबला आणि क्लच दाबला. आणि वाट तरी कशी, तर चढ नाही, उतार नाही, अख्खा मुलुख पोळपाटासारखा सपाट. हीच तर पंचाईत! डोंगर चढताना धाप लागली तर माणूस डोंगराला शिव्या देतो. पोळपाटावर धाप लागली तर कोणाला द्यायच्या?

द्यायच्या तर नायजेलला द्यायच्या. नायजेल आमच्या समोर राहतो. बायको वारलेली, गुडघे शाबूत. बारा महिने हाफ पँट! बर्फ पडू दे, गारा पडू देत, हा आपला हाफ पँटवर. आणि पोटऱ्या! अडुसष्टाव्या वर्षी माणसाला तसल्या पोटऱ्या असायला कायद्यानं बंदी पाहिजे. तर हे नायजेलराव फुलफर्डच्या चालणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळानं ठरवलं, आपल्या उपनगरातून जुन्या शहरात पायी जायच्या सोप्या वाटांचं एक पत्रक काढू. बरं, सोपी आहे हे ठरवणार कोण? मंडळातले सगळे वाळलेल्या शेंगांसारखे, त्यांना सगळंच सोपं. म्हणून फेब्रुवारीत एका सकाळी नायजेल आमच्या दारात.

आता आमच्याकडं कोणी सरळ बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. अपमान करायचा असला तरी आधी हवेबद्दल बोलून घ्यायचं. "गारठा कमी झालाय, नाही?" झालाय. "पण वारा आहे." आहे. "नदी जरा उतरलीय." उतरलीय बाबा, पुढं बोल! "विल्फ, आम्हाला ना एक… म्हणजे राग मानू नकोस… एक साधारण प्रकृतीचा माणूस हवा होता." आणि बघतोय कुठं? माझ्या पोटाकडं! म्हणजे काय, हा चालला तर कोणीही चालेल! उद्या वाण्याच्या मापाऐवजी मलाच तराजूत घाला!

मी साफ नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण मागून बेरिल म्हणाली, बेरिल म्हणजे आमची ही, "येईल की तो! का रे विल्फ?"

इथं तुम्हाला आतली गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यात मंडळ चाललंय समुद्राच्या कड्यांवरून, व्हिटबीच्या बाजूला, सात दिवस, पायी. तिथं जोडीनं चालायचा नियम आहे, एक कड्यावरून पडला तर दुसऱ्यानं येऊन सांगायला. आणि बेरिलचा जोडीदार कोण? ओळखलंत. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला 'जाऊ नकोस' म्हटलेलं नाही. तेव्हाही नाही म्हटलं. मी आपलं एवढंच म्हटलं, "नायजेलला म्हणे गुडघ्याचा त्रास आहे." बेरिल हसली. म्हणाली, "नायजेलला? तू आधी शहरापर्यंत चालून दाखव, कुठं फतकल न मारता. मग ठरवते मी, त्याच्याबरोबर जायचं की नाही."

खरं सांगू? हसू नका. मला भीती वाटली. सात दिवस त्या पोटऱ्यांच्या मागून चालून ती परत येणार, दार उघडणार, आणि समोर मी. खुर्चीत. म्हटलं, चालायचं! जीव गेला तरी चालायचं! आणि गेलाच जवळजवळ!

तर निघालो तिघं. नायजेलच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वही. "पंचेचाळीस मिनिटांत शहरात!" सोपी वाट म्हणे! पहिली पाच मिनिटं बरी गेली, मी चक्क शीळ घालत होतो. आणि समोर आलं ते फाटक. गुरं अडावीत म्हणून कुरणाला असतं ना, एका वेळी एकच माणूस जाणारं, ते. त्याचं आमच्याकडं नावच चुंबनाचं फाटक! पुढं गेलेल्यानं मागच्याला अडवून धरायचं आणि मुका घेतल्याशिवाय सोडायचं नाही, अशी जुनी गंमत. आणि पुढं कोण? नायजेल! त्याच्यामागं कोण? बेरिल!

तुम्हाला सांगतो, पळालो! मी! शेवटचा पळालो होतो ते ब्याऐंशी साली, हँडब्रेक न लावलेल्या बसच्या मागं! तीस पावलं, चिखलातून, बेरिलला ओलांडून फाटकात घुसलो, माझ्यामागं ते खटकन लागलं, मान वर करून बघतो तर समोर एक वितीवर नायजेलचं तोंड. मग तो म्हणाला, "वारा पडला, नाही?" मी म्हटलं, "पडला."

फाटकातून बाहेर आलो आणि छातीचा नुसता भाता. डोळ्यांपुढं काजवे. बसावं तर बेरिल बघतेय, थांबावं तर नायजेल घड्याळ बघतोय. काय करणार? कमरेवर हात ठेवले, लांब कुठंतरी नजर लावली आणि म्हटलं, "वा! काय… दृश्य… आहे!"

समोर काय होतं? सांडपाण्याच्या पंपाची कोठी. हिरवी. कुलूप लावलेली.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "अरे विल्फ, पंप आहे तो." पण आपण कुठले म्हणतोय! नायजेल येऊन शेजारी उभा राहिला, मान तिरकी केली, म्हणाला, "खरंय. एक प्रकारचा… साधेपणा आहे." आणि वहीत लिहिलं! 'प्रेक्षणीय स्थळ, एक'! माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, सापडलं औषध!

मग काय विचारता! चारशे पावलं चाललो की दृश्य. पुराची पातळी दाखवणारा खांब, दृश्य! उलटी ठेवलेली होडी, दृश्य! एक गाय आमच्याकडं बघत होती, आम्ही तिच्याकडं बघितलं, दोन मिनिटं झाली, शेवटी तीच कंटाळून गेली. पाचव्या वेळी तर दमच इतका संपला होता की काही न बघताच बोट केलं आणि म्हटलं, "बगळा!" नायजेलनं दुर्बीण काढली. "कुठं?" "तो काय, पांढरा." "अच्छा, तो… हो हो! किती स्थिर उभा आहे!" उभा राहील नाहीतर काय करील, काठीला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी होती ती! तीही लिहिली त्यानं वहीत, 'बगळ्याची जागा' म्हणून. बेरिल काही बोलत नव्हती. नुसती माझ्या शेजारी उभी राहायची, मी बघायचो तिकडं बघायची आणि थर्मासमधला चहा काढून द्यायची. आणि नायजेल पुढून ओरडायचा, "चला, चला, सोपी वाट आहे!"

सोपी वाट म्हणे! दहा दृश्यं झाली तेव्हा कुठं पूल आला. पूल ओलांडला आणि समोर शहराचा जुना कोट. कोटाला पायऱ्या. नायजेल म्हणतो, "ही एवढी शेवटची गंमत." गंमत! मी मोजल्या नाहीत, मोजायला श्वास लागतो. वर पोचलो तेव्हा बोलायचीही ताकद नव्हती, 'दृश्य' हा शब्दसुद्धा बाहेर पडेना. संपलं, म्हटलं. आता मी खाली बसणार, बेरिल बघणार, आणि मे महिन्यात नायजेल तिला घेऊन जाणार. कठड्याला धरलं, मान वर केली…

छपरांच्या वर मिन्स्टर, आमचं ते जुनं थोरलं चर्च. ते मनोरे. नुकतं ऊन पडलेलं, सगळा दगड मधासारखा. आता मिन्स्टर काय मी पाहिलं नव्हतं? पन्नास हजार वेळा पाहिलं, समोरच्या काचेतून, वायपरच्या मधून, पुढच्या सायकलवाल्याला शिव्या देत. पण उभा राहून कधी पाहिलं नव्हतं. चौसष्ट वर्षं इथं राहून! बसायचं विसरूनच गेलो. नायजेल चाळीस पावलं पुढं, घड्याळ हलवत. आणि बेरिलनं माझ्या कोटाची बाही धरली, म्हणाली, "थांब जरा. बघू दे."

दोन तास दहा मिनिटं लागली. पण मी बसलो नाही हं! लिहून घ्या, एकदाही बसलो नाही!

एप्रिलमध्ये पत्रक आलं. सोपी वाट, सव्वादोन मैल, प्रेक्षणीय स्थळं अकरा! नकाशावर अकरा ठिकाणी दुर्बिणीची चित्रं! आणि लोक येतात हो! दर रविवारी पंपाच्या कोठीपुढं गर्दी. परवा लीड्सहून एक जोडपं आलेलं, मी मुद्दाम मागं उभा राहून ऐकलं. तो म्हणतो, "छान आहे, नाही?" ती म्हणते, "हो ना. किती… हिरवं आहे." "सकाळच्या उन्हात बघायला पाहिजे." "आपण लवकर निघायला हवं होतं." आणि फोटो काढला! कुलपाचा वेगळा! बगळ्याच्या जागी तर एका म्हातारबुवांनी मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं, पिशवी उडेल म्हणून!

असो. तर परवाच संध्याकाळी बेरिल समोरच्या घरी जाऊन आली, स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "नायजेलला सांगून आले. मी त्याच्याबरोबर नाही जाणार."

देवा! मी उठलो, स्वतः चहा केला, बिस्किटं बशीत मांडून दिली! वरवर विचारलं, "का गं? चांगला माणूस आहे."

"चांगला आहे रे. पण त्याच्याबरोबर चालायचं म्हणजे त्याची पाठ बघत चालायचं. माझा डावा गुडघा दुखत होता त्या दिवशी, सांगायची लाज वाटली. तू थांबायचास म्हणून मला थांबता यायचं."

"मी दृश्य बघत होतो."

"विल्फ, तू धापा टाकत होतास. पंपाला कोणी 'वा' म्हणतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"मजा येत होती," म्हणाली. आणि लाजली हो! एकसष्टाव्या वर्षी! "चौतीस वर्षं तू लोकांसाठी रोज बस थांबवलीस. माझ्याबरोबर कुठं थांबला होतास?"

हात धरला तिचा. म्हटलं, विल्फ, जिंकलास! उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या.

"म्हणून," ती म्हणाली, "जोडीदार म्हणून तुझं नाव दिलंय."

सात दिवस! कडे! चढ! पोळपाट नाही, सगळी उभी भिंत! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या, तिला वाटलं आनंदाचं, तीही रडली, मग माघार कुठली? तर मंडळी, असा मी जिंकलो आणि नायजेल हरला. बिचारा या वर्षी कुठंच जात नाहीये. सात दिवस आमच्या मांजराला खायला घालायला आमच्याकडं येणार आहे, माझ्या खुर्चीत बसणार, पाय वर करणार आणि क्रिकेट बघणार. मला उद्या सकाळी साडेसातला निघायचंय.