आमेननंतरचे सात फोटो

काय सांगू तुमाला, माझा जन्म आपट्याचा, पाताळगंगेच्या काठावरचा. बाप गळ टाकून बसायचा आनी मला बाजूला बसवायचा, खोकला आला तरी गिळ बोलायचा, मासा आवाजाला पळतो. तेच माझं शिक्षन म्हना. पुढं पनवेलला यस्टी स्टँडच्या मागं फोटोचा गाळा टाकला, हळदी केल्या, लग्नं केली, डीजेपुढं उभं राहून अर्धे कान गेले, आनी मग एक दिवस चर्चचे पाळकसाहेब आले. बोलले, आमच्या मंडळीचं पुस्तक काढायचंय, उपासनेचे फोटो हवेत, पन काढताना कोनाला कळता कामा नये. देवाच्या आनी मानसाच्या मधी यायचं नाय.

आमी हिंदू, पन ते मला पटलं. चपला दाराशी, काळा सदरा, फ्लॅश नाय, कॅमेऱ्याचा आवाज बंद, खांबाच्या आडून काम. प्रार्थना सुरू झाली की शंभर-दीडशे मानसं मान खाली घालून, डोळे मिटून, आनी उघडे डोळे माझ्या एकट्याचे. तुमी कधी असे उभे राहिलात का? नका राहू. पयल्यांदा वाटायचं आपन चोर हाव. मग सवय झाली, मग गोडी लागली, खोटं कशाला बोलू.

त्यात एक मास्तर होते, रिटायर झालेले, गुडघे गेलेले म्हनून गान्यालाबी बसूनच राहायचे, शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. त्यांच्या बाई पलीकडं, बायकांच्या बाजूला. त्या रविवारी प्रार्थना संपली, आमेन झालं, सगळे डोळे उघडून गान्याला उभे राहिले, मास्तरांचे मिटलेलेच. मी मनात बोललो, बघा, याला म्हनतात भक्ती. सरकत सरकत जवळ गेलो, पार हाताच्या अंतरावर, आनी सात फोटो काढले. त्यांच्या ओठावर माशी बसली. मला राग आला, फोटो बिघडवते म्हनून. पन हाकलली नाय, हात हलवला असता तर त्यांची प्रार्थना मोडली असती ना.

उपासना संपली, बाई आल्या, चला बोलल्या, खांद्याला हात लावला, आनी मास्तर बाकावर आडवे झाले. डॉक्टर बोलला, जाऊन थोडा वेळ झालाय. मला कोनी काय बोललं नाय. मी त्यांच्या इतक्या जवळ होतो हेच कोनाला ठावं नव्हतं, इतकं माझं काम चोख.

गाळ्यावर येऊन कॉम्प्युटरवर फोटो लावले. पयल्यात ओठ जरा उघडे, गळ्याची शीर ताठ. दुसऱ्यात बोटं मांडीवरच्या गान्याच्या पुस्तकावरनं सुटलेली. तिसऱ्यापासनं काय बदलत नाय. म्हंजे शेजारच्याचा हात हलतो, पंख्यानं मास्तरांचे केस हलतात, माशी ओठावरनं पापनीवर जाते, आनी पापनी हलत नाय. मानूस माझ्यासमोर गेला, दुसऱ्या आनी तिसऱ्या फोटोच्या मधी, आनी मी फोकस बघत होतो. ओरडलो असतो तर? हे मला आजबी खातं.

काय दिवसांनी बाई फोटो मागायला आल्या, सगळे दाखव बोलल्या. फोटोतली माशी मी कॉम्प्युटरवर पुसून टाकली होती. मी बोललो, पयला घ्या बाई, तो बरा हाय. त्यांनी पाचव्यावर बोट ठेवलं, यात शांत दिसतात. मग विचारलं, सदा, या वेळी जिते होते ना रे? मी बोललो, होते बाई. बरं बोलल्या, आनी पाचवाच घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी बाई बायकांची बाजू सोडून मास्तरांच्या जागेवर बसल्या, भिंतीला टेकून. आमेन झालं, सगळे उभे राहिले, बाईंचे डोळे मिटलेलेच. कॅमेरा खाली ठेवला, सगळ्यांदेखत चालत गेलो आनी खांद्याला हात लावला. बाईंनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं.

तेवापासनं दर रविवारी हेच. पाळकसाहेब बोलले, मी सांगू का त्यांना, असं करू नका म्हनून? मी बोललो, नका. मी येईस्तोवर त्या डोळे उघडत नायत, म्हनून अंगात ताप असला तरी मी जातो. जातो, हात ठेवतो, थांबतो. आजवर उघडलेत, देवाची किरपा.