सॉरीला उत्तर काय?

...आनि वर हसून सांगतो, सॉरी. आता ह्या सॉरीचं मी काय करू, केळीच्या बुडात घालू? तुम्हाला सांगतो, नंदाखालला आमची आनि कॉन्रॅडची विहीर एक, पंप एक. एक दिवस पानी त्याला, एक दिवस मला, जुनी पाळी आहे. त्याचा बाप बर्नार्डसुद्धा माझी पाळी मारायचा, नाय असं नाय, पन मी बांधावरून हाक घातली की तोही धावत यायचा, दोघं असे कडाडायचो की आगाशीपर्यंत ऐकू जायचं, मानसं जमायची, त्याला लाज वाटायची आनि माझ्या पाटाला पानी यायचं. भांडन कशासाठी असतं मग?

पन हा कॉन्रॅड पडला मुंबईच्या हापिसातला. वैशाखाचं ऊन, माझी राजेळी केळ माना टाकतेय, तिसऱ्यांदा ह्याने पाळी मारली, मी तोंड उघडतोय तोवर, "सॉरी हां दयारामभाऊ, व्हेरी सॉरी." झालं. लोक मलाच म्हनतात, सॉरी बोलला ना तो, सोड आता. काय सोड? सॉरीने केळ पोसते?

गेलो एडवर्ड मास्तरकडे. म्हटलं, सॉरीला इंग्रजीत उत्तर काय? मास्तर चष्मा पुसत म्हनतो, "इट्स ऑल राइट." म्हनजे? "म्हणजे, काही हरकत नाही." अहो, पन माझी हरकत आहे ना... मास्तरने चष्मा परत नाकावर चढवला. मग म्हनतो, "दयाराम, मग त्याला सभ्य इंग्रजीत उत्तर नाही." बघा. साहेब दीडशे वर्षं राज्य करून गेला तो काय उगाच?

मग मीही ठरवलं. परवा त्याची पाळी, पहाटेच पंप मी लावला. तो आला, म्हटलं, सॉरी हां कॉन्रॅड. "इट्स ऑल राइट," म्हनाला, पन ओठ आवळून. आज त्याची पाळी, परत मीच. सॉरी. "इट्स..." एवढंच निघालं आनि तुम्हाला सांगतो, त्याच्या पोटातून बापच बाहेर आला. "ए दयाराम, माझी वांगी जळाली तिकडे, विहीर काय तुझ्या एकट्याच्या आज्याने खनली?" काय बरं वाटलं मला... मीही सुटलो. तासभर. गाव जमला, पाळी नव्याने ठरली, पहिली माझी, मी ऐटीत जाऊन बटन दाबतो, तर वीज गेलेली.

आता दुपार झाली, दोघं विहिरीच्या काठावर बसलोय. खाली पानी, वर केळी, आनि हा गप्प. शेवटी मीच म्हटलं, कॉन्रॅड, पानी नाय तर नाय, तू आपला भांडत तरी बस.