कागद काढायच्या आधीचं भाषण

अरे, सेलूत आत्याच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला लय मजा आली! दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या महिला दलात गेलेल्या बायकांवर तिनं पुस्तक लिहिलंय. अध्यक्ष आमचे मोठे काका. मी कॉलेज सोडल्यापासून मला उनाड म्हणणारे तेच. रंगीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक हातात धरून, एक पान न वाचता ठोकून दिलं, “घरंदाज बायका फौजेत जात नव्हत्या. गेल्या त्या उनाड!”

आत्या म्हणाली, “दादा, आता कागद काढ.”

मुखपृष्ठावर खाकी वर्दीत, ट्रकचं स्टेअरिंग धरून बसलेली त्यांचीच आई!

काका पुटपुटले, “आई कधी बोलली न्हाई...”

“तू कधी विचारलंस?”

मी मागून ओरडलो, “काका, पुस्तक वर धरा! मी कोणावर गेलो ते गावाला कळू द्या!”